अण्णांच्या पायाची जखम भरत नाहीये, जखमेत सलाइन थेंबथेंब सोडायचं सुचवलंय. कुणाला अनुभव आहे का?

सिंहगडरोडची लेक

नमस्कार मंडळी. वडिलांच्या पायाबद्दल विचारायचंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अण्णा ६८ वर्षांचे, खडकीच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले. आई आणि ते धायरीला असतात, मी जवळच वडगावला. शुगर जुनी. उजव्या चवड्यावर अंगठ्याच्या मागे घट्टा होता, तो दिवाळीनंतर फुटला. पायाला संवेदना कमी, त्यामुळे त्यांना दुखलंच नाही. आईला मोज्यावर डाग दिसला तेव्हा कळलं. आत पू झाला होता, तो ऑपरेशन करून काढला आणि तेव्हापासून जखम तशीच आहे. तोंड दहाच्या नाण्याएवढं, पण आत बोटांच्या दिशेने पोकळी गेलीये. ड्रेसिंग नियमित होतं. एखादा आठवडा छान लाल दिसते, की पुन्हा पिवळट चिकट थर धरतो. ऑपरेशनच्या वेळी एक्स-रे काढला होता, त्यात हाड ठीक म्हणाले. तीन महिन्यांची शुगर ९.१ होती ती ७.८ वर आली.

आता सर्जननी नवीन सुचवलंय. जखमेत फोम बसवायचा, वरून पारदर्शक फिल्म चिकटवून बंद करायचं, एका नळीने सलाइन हळूहळू आत सोडायचं, थोडा वेळ तिथे राहू द्यायचं आणि मग मशीनने ओढून घ्यायचं. हे चक्र दिवसरात्र. सुरुवातीला ॲडमिट, पुढचं नंतर बघू म्हणाले.

आईचा ठाम विरोध आहे. "जखमेला पाणी लागू द्यायचं नाही हे आम्ही जन्मभर ऐकलं, आणि हे आत पाणी भरायला निघाले," असं म्हणून ती गप्प बसते. अण्णांचं एकच पालुपद, आषाढीच्या आत पाय बरा झाला पाहिजे. दरवर्षी ते माउलींच्या पालखीबरोबर पुण्याहून दिवे घाट चढून सासवडपर्यंत चालतात.

पाण्याने जखम खरंच चिघळेल का? दुखतं का? आणि हे घरी जमण्यासारखं आहे का?

पेठेतला

माझ्या सासूबाईंची घोट्याच्या आतल्या बाजूची जखम अशीच रेंगाळली होती. त्यांच्या बाबतीत कारण नसांचं निघालं. रक्त खाली साचत होतं. दाब देणारं पट्ट्यांचं बँडेज आणि पाय उंच ठेवणं यानेच भरली, मशीनची वेळ आली नाही. पण अण्णांची जखम तळपायावर आहे आणि शुगर आहे, म्हणजे प्रकार वेगळा. आमचं बघून तुम्ही घरी दाबाचं बँडेज मात्र बांधू नका. शुगरवाल्यांच्या पायाचा रक्तपुरवठा आधी तपासल्याशिवाय ते करायचं नसतं, असं आम्हाला बजावलं होतं.

वैद्य कोथरूड

तुमच्या आईंना सांगायला उपयोगी पडेल म्हणून लिहितो. सुश्रुतसंहितेत चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायात व्रणाचे साठ उपक्रम दिलेत. त्यात परिषेक, म्हणजे धार धरून द्रव सोडणं, आणि कषाय, म्हणजे काढ्याने व्रण धुणं, हे दोन्ही आहेत. शोधन म्हणजे व्रण साफ करणं आधी, रोपण म्हणजे तो भरून आणणं नंतर, हा क्रमही तिथलाच. तेव्हा जखमेवर द्रव वापरणं आपल्याकडे परकं नाही. मात्र फिल्म लावून बंद केलेल्या जखमेत कुणी त्रिफळ्याचा काढा किंवा जात्यादी तेल घालू नये, हे मी वैद्य असूनच सांगतो. तेलावर फिल्म चिकटत नाही, आणि मशीनच्या नळीतून फक्त त्यासाठी बनवलेला निर्जंतुक द्रवच जायला हवा.

निवृत्त सिस्टर

ताई, मी बरीच वर्षं सर्जरीच्या वॉर्डात सिस्टर होते. आता कोथरूडपासून धायरीपर्यंत घरी जाऊन ड्रेसिंग करते. तुमच्या अण्णांसारखे पाय रोज हाताखालून जातात, म्हणून मनापासून लिहिते. मोठं होईल, पण सगळं वाचा.

आधी आईंबद्दल. त्यांना खोटं पाडू नका. जखमेच्या कडेची कातडी ओली राहिली की पांढरी पडते, सुरकुतते आणि सोलून निघते, मग जखम मोठी होत जाते. आईंनी आयुष्यभर तेच पाहिलंय. पण इथे पाणी साचून राहत नाही. निर्जंतुक सलाइन मोजून आत जातं, साधारण दहा ते वीस मिनिटं फोममध्ये थांबतं, तेवढ्यात तो चिकट थर, पू, जंतूंची घाण मऊ होऊन सुटते, आणि मशीन ते सगळं डब्यात ओढून घेतं. पुढचे दोन-तीन तास नुसतं ओढणं चालू असतं, मग पुन्हा सलाइन. कडेची कातडी वाचवायला आम्ही आधी फिल्मच्या पट्ट्यांची चौकट करतो, फोम त्या चौकटीच्या आतच बसवतो. चांगल्या कातडीवर फोम टेकता कामा नये. बसवताना बघायला मिळालं तर एवढं बघाच.

कल्पना जुनी आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये काँपियेन्यच्या इस्पितळात ॲलेक्सिस कॅरेल आणि हेन्री डेकिन यांनी सैनिकांच्या सडलेल्या जखमांत रबरी नळ्या बसवल्या आणि दर दोन तासांनी सोडियम हायपोक्लोराइटचं अर्धा टक्क्याच्या आसपासचं पातळ द्रावण सोडायला लागले. प्रतिजैविकं तेव्हा नव्हतीच. आमच्या वॉर्डातलं युसॉल, म्हणजे जखम धुवायचं तसंच एक द्रावण, त्याच काळातलं, १९१५ मध्ये एडिंबराला तयार झालेलं. माझ्या वयाच्या सिस्टरांना तो वास अजून आठवत असेल. पुढे ते मागे पडलं, कारण घाणीबरोबर नवीन येणाऱ्या नाजूक मांसालाही ते जाळायचं. ओढून घेणाऱ्या मशीनचं काम अमेरिकेत अर्जेंटा आणि मोरिक्वास यांनी १९९७ मध्ये छापलं, आणि लगेच पुढच्या वर्षी जर्मनीत फ्लाइशमन यांनी त्याच फोममधून औषधी द्रव आत सोडून दाखवला. आता बहुतेक वेळा साधं नॉर्मल सलाइनच वापरतात, कारण ते मांसाला झोंबत नाही. तुमच्याकडे कुणी ड्रेसिंगला येऊन हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस काढत असेल तर ते मात्र आजच थांबवा. पोकळी असलेल्या जखमेत ते कधीच ओतायचं नाही, आत वायू कोंडतो.

दुखण्याचं म्हणाल तर अण्णांना संवेदना कमी आहे, त्यामुळे ते फारसं बोलणार नाहीत. हेच मला काळजीचं वाटतं. दुखत नाही म्हणजे ठीक चाललंय असं त्यांच्या पायाबाबत धरता येत नाही. नळी पायाखाली दबली, बोटांत रुतली तरी त्यांना कळणार नाही. तळपायाच्या जखमेची नळी फिल्मखालून पावलाच्या वरच्या बाजूला वळवून घेतात, आम्ही त्याला पूल करणं म्हणतो. अण्णांची नळी तळव्याखालून सरळ काढलेली दिसली तर तिथल्या तिथे विचारा.

आता जे कुणी समजावून सांगत नाही ते. आत किती गेलं याकडे सगळे बघतात, बाहेर किती आलं ते कुणी बघत नाही. अण्णांच्या जखमेत पोकळी आहे म्हणून हे फार महत्त्वाचं. आत शंभर मिली गेलं तर डब्यात किमान तेवढं, आणि जखमेचा स्राव धरून थोडं जास्तच, यायला हवं. चादर ओली नाही आणि डब्यात मात्र कमी भरतंय, तर द्रव आत कुठेतरी फट शोधून बसलाय आणि त्याच्याबरोबर जंतूही चाललेत असं समजा. एक वही ठेवा, आत एवढं, बाहेर एवढं, रंग कसा, वास कसा. ड्यूटी बदलली तरी वही पलंगाशीच राहते. मी वॉर्डात नव्या पोरींना सगळ्यात आधी हेच शिकवायचे.

फोमकडेही बघत जा. मशीन ओढत असताना फोम मनुक्यासारखा आक्रसलेला दिसला पाहिजे. फुगलेला दिसला किंवा सूं-सूं आवाज आला की फिल्म कुठेतरी सुटलीये. दोन तासांच्या वर मशीन बंद राहिलं तर बंद फोम तसाच ठेवायचा नसतो, काढून साधं ओलसर ड्रेसिंग करायचं. पावसाळ्यात धायरीत वीज जाते हे मी तुम्हाला सांगायला नको, तेव्हा बॅटरी किती तास चालते ते विचारून घ्या. आत फोमचे किती तुकडे घातले हा आकडा फिल्मवर पेनाने लिहायला लावा. काढताना तेवढेच निघाले पाहिजेत. पोकळीत राहिलेला एक तुकडा जखम भरू देत नाही, आणि बाहेरून कुणाला पत्ताही लागत नाही.

मशीन परवडत नसेल तिथे काही ठिकाणी साधा आयव्ही सेट आणि ड्रेनचा डबा वापरून थेंबथेंब सलाइन सोडतात. साध्या सेटला वीस थेंबांचा एक मिली होतो. मिनिटाला दहा थेंब ठेवले तर तासाला तीस मिली, म्हणजे पाचशेची बाटली साडेसोळा तासांच्या आसपास पुरते. हे गणित सांगण्याचं कारण असं, की बाटली चार तासांत रिकामी झाली तर चाकी कुणीतरी सैल केलीये हे तुमच्या लगेच लक्षात यावं. बाटलीत हवा जावी म्हणून वरून सुई टोचतात, ते करू देऊ नका. आणि जखमेच्या बाटलीवर, तिच्या स्टँडवर आणि नळीच्या दोन्ही टोकांना मोठ्या अक्षरात "जखमेसाठी" अशी पट्टी चिकटवा. शेजारीच शिरेतली सलाइन लटकत असते. दोन्ही बाटल्या सारख्या, दोन्ही नळ्या सारख्या. शिरेचं इंजेक्शन जखमेच्या नळीत किंवा जखमेचा द्रव शिरेत, यातलं काहीही होता कामा नये.

अण्णा रक्त पातळ करायची गोळी घेत असतील, एकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल वगैरे, तर बसवण्याआधी डॉक्टरांना सांगा. नळीत लालभडक ताजं रक्त वाहताना दिसलं तर मशीन बंद, जखमेवर दाब, आणि ताबडतोब डॉक्टर. सकाळची वाट बघायची नाही.

घरी जमेल का? सलाइन सोडण्याचा भाग घरी नको, असं माझं स्पष्ट मत आहे. आईंच्या एकटीच्या भरवशावर तर नाहीच. दवाखान्यात जखम स्वच्छ होऊन सगळीकडे लाल दाणेदार मांस दिसायला लागलं की घरी नुसतं ओढणारं लहान मशीन किंवा साधं ड्रेसिंग पुरतं.

आणि ताई, या सगळ्याने जखम फक्त साफ होते. ती भरायची तर तिथे रक्त पोचलं पाहिजे, तिच्यावरचं वजन हटलं पाहिजे आणि आत हाड सडत नसलं पाहिजे. चवड्यावरची जखम घेऊन माणूस चालत राहिला तर कितीही सलाइन सोडा. अण्णा रात्री बाथरूमला कसे जातात? देवघरात अनवाणी जातात का? दवाखान्यात न विचारलेले हे प्रश्न मी घरी गेल्यावर आधी विचारते.

सर्जरी रेसिडेंट

सिस्टरांनी जवळपास सगळं सांगितलंय. दोन गोष्टींची भर घालतो.

एक्स-रे ऑपरेशनच्या वेळचा आहे. हाडाचा संसर्ग एक्स-रेवर दिसायला दोन-तीन आठवडे किंवा जास्तही लागतात, त्यामुळे तेव्हाचा नॉर्मल एक्स-रे आज धरून चालत नाही. निर्जंतुक बोथट सळई जखमेत घालून हाड लागतं का ते बघतात, ईएसआर ही रक्ताची तपासणी करतात, पुन्हा एक्स-रे, गरज पडली तर एमआरआय. इलाज न केलेला हाडाचा संसर्ग असताना हे मशीन लावू नये, हे त्याच्या सूचनांतच असतं. जखमेतून आत गेलेला पण कुठे जातो ते न तपासलेला मार्ग, उघडी पडलेली मोठी रक्तवाहिनी आणि जखमेतला कॅन्सर यांतही लावत नाहीत.

दुसरं रक्तपुरवठ्याचं. घोट्याचा आणि दंडाचा दाब मोजून गुणोत्तर काढतात, त्याला एबीआय म्हणतात, ०.९ च्या खाली आलं तर रक्त कमी पोचतंय. पण जुन्या शुगरमध्ये घोट्याच्या धमन्या कडक होतात, दाबल्या जात नाहीत, आणि आकडा खोटाच चांगला येतो, १.३ च्या वर वगैरे. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब आणि डॉपलर, म्हणजे धमन्यांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, बघायला सांगा. "एबीआय नॉर्मल" एवढं ऐकून परत येऊ नका.

पुराव्याचं प्रामाणिकपणे सांगायचं तर डायबेटिक फूटच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात ऑपरेशननंतरच्या जखमेसाठी ओढणाऱ्या मशीनचा विचार करावा असं म्हटलंय, ऑपरेशन न झालेल्या जखमेसाठी नको म्हटलंय. अण्णा पहिल्या गटात बसतात. वरून सलाइन सोडल्याने शुगरच्या पायात आणखी किती फायदा होतो, याचा पुरावा अजून तोकडा आहे. पण थर परत परत धरतोय आणि आत पोकळी आहे, म्हणून तुमच्या सर्जननी ते सुचवणं मला समजतं.

दर आठवड्याला जखमेची लांबी-रुंदी मोजून, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. चार आठवड्यांत क्षेत्रफळ निम्म्याच्या आसपास आलं नाही, तर बेत बदलायला हवा.

सिंहगडरोडची लेक

सिस्टर, डॉक्टर, वैद्य, सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, तुमचं लिहिलेलं मी आईला जसंच्या तसं वाचून दाखवलं. कडेची कातडी पांढरी पडते या ओळीवर ती म्हणाली, "बघ, मी हेच म्हणत होते." मग पुढचं शांतपणे ऐकलं आणि वही मीच ठेवणार म्हणाली.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं. दवाखान्यातून दिलेला मोठा बूट अण्णा दिवसा घालतात. रात्री बाथरूमला अनवाणी. पूजेला अनवाणी. सकाळी फुलं तोडायला गच्चीवर, तेही अनवाणी. एकोस्प्रिन चालू आहे. डॉपलर झालेलं नाही. सळई घालून हाड बघितलं का, ते फाइलमध्ये लिहिलेलं नाही.

खर्चाबद्दल कुणी सांगेल का? मशीनचं भाडं दिवसावर सांगितलंय, बाकी काहीच धड कळत नाही.

निवृत्त सिस्टर

भाड्यावर जाऊ नका. फोमचा संच आणि डबा वेगळे लागतात आणि दर बदलीला नवीन घ्यावे लागतात, खरा खर्च तिथे होतो. किती दिवसांनी बदलणार, एका बदलीचे किती, हे बिल होण्याआधी कागदावर मागा. विमा असेल तर हे साहित्य "कन्झ्युमेबल" म्हणून वगळतात का ते कंपनीला ईमेलवर विचारा, तोंडी नको. रेशनकार्ड काढून महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं तेही पडताळा. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याच्याशी बोला. ससूनलाही सर्जरीच्या ओपीडीत दुसरं मत घ्यायला हरकत नाही, फक्त सगळी फाइल आणि सुरुवातीपासूनचे फोटो न्या.

पण आधी डॉपलर. रक्त पोचत नसेल तर धमनी उघडायचा विचार आधी होतो, फोम नंतर.

आणि अण्णांना पलंगाशेजारी युरिनलचं भांडं द्या, आज रात्रीपासून. संकोच वाटेल, आईंनी सांगितलं तर ऐकतील. पूजा खुर्चीवर बसून, बूट घालूनच करू द्या. फुलं आईंनी आणावीत. जखमेवरचं वजन काढायला टोटल कॉन्टॅक्ट कास्ट म्हणजे गुडघ्यापर्यंतचं प्लास्टर असतं, संसर्ग आणि रक्तपुरवठा दोन्ही ठीक असतील तर ते बसतं का, विचारा. जखम भरल्यावर एमसीआरची चप्पल, म्हणजे मऊ मायक्रोसेल्युलर रबराची, मापाने शिवून घ्यायची. बाजारातली मऊ दिसणारी चप्पल चालत नाही.

वारीचं मी तुम्हाला खरं सांगते. या आषाढीला दिवे घाट नाही. जखम भरली तरी नाही, कारण नवीन कातडी महिनोन्‌महिने कच्चीच असते. पालखी पुण्यात मुक्कामाला येते तेव्हा गाडीने नेऊन दर्शन घडवा, बूट पायात ठेवून. माउली रागावणार नाहीत.

सिंहगडरोडची लेक

डॉपलरची गुरुवारची वेळ मिळालीये. सर्जनना फोन केला होता. हाडाचं आणि अंगठ्याच्या दाबाचं विचारल्यावर म्हणाले दोन्ही करून घेऊ, मशीन त्यानंतरच लावू. भांडं आणलंय. अण्णा पहिल्या रात्री रुसले, आईने ऐकून घेतलं नाही. रिपोर्ट आले की इथेच टाकते. सिस्टर, फोमचा पूल पावलाच्या वरून काढायचा हे मी सर्जनना सांगू की तिथल्या सिस्टरना?

निवृत्त सिस्टर

दोघांनाही. आणि बसवताना तिथेच उभ्या राहा.